अंगावरून वारं गेल्यावर: मेंदू, हात आणि घरच्यांचे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली, मिरज, कुपवाड आणि आजूबाजूच्या गावांत पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम घेते. सतरा वर्षं झाली, तरी निम्म्या घरांत माझी ओळख अजून 'मालीशवाल्या मॅडम' अशीच करून देतात. खरे प्रश्न पेशंटसमोर कोणी विचारत नाही. मी निघाले, चप्पल पायात सरकवली, की सून नाहीतर मुलगा मागोमाग अंगणात येतो आणि आवाज खाली आणून विचारतो. त्या अंगणातल्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत.

आत्ता तासाभरापूर्वी तोंड वाकडं झालंय आणि एक हात उचलत नाही. काय करू?

हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा, आणि जिथे सीटी स्कॅन आहे अशाच हॉस्पिटलला न्या. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका. गिळायची ताकद गेलेली असली तर ते फुफ्फुसात जातं. 'घरात ॲस्पिरिन आहे, देऊ का?' असं विचारतात. नाही. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढता येते, आणि निवडक पेशंटमध्ये हे २४ तासांपर्यंतही करतात. पण म्हणून थांबायचं नाही. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. तुम्ही 'सकाळी बघू' म्हणता, त्या रात्री काय होत असतं ते यावरून समजा.

'वारं गेलं' म्हणजे नेमकं झालं काय?

वारं, लकवा, मेंदूचा झटका ही एकाच दुखण्याची नावं. वाऱ्याचा काही संबंध नाही. पंख्याखाली झोपल्यामुळेही होत नाही. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडला, किंवा रक्तवाहिनी फुटून आत रक्त साचलं. बहुतेक केसेस पहिल्या प्रकारच्या असतात. हातापायाला काही झालेलं नसतं. स्नायू शाबूत, हाडं शाबूत. त्यांना हुकूम देणारा मेंदूचा तुकडा गेलेला असतो. उजव्या मेंदूत बिघाड झाला की डावी बाजू जाते, कारण मेंदूतून येणाऱ्या चेतातंतूंच्या तारा खाली उतरताना बाजू बदलतात.

एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. दुखणं मेंदूत आहे, मग तेल दंडाला चोळून काय होणार?

म्हणजे मालीश बंद करायची?

करा हो, बरं वाटतं त्यांना. कोणी शेजारी बसून अंगाला हात लावतंय, यालाही किंमत आहे. फक्त तासभर मालीश आणि पाच मिनिटं व्यायाम असं असेल तर ते उलटं करा. आणि जोर लावून खांदा फिरवू नका. लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो, ओढला की निखळतो. त्यांना उठवताना काखेत हात घालून उचलायची आपल्याकडे पद्धतच आहे. माझ्या पेशंटच्या निम्म्या खांदेदुख्या तिथून सुरू झाल्यात.

मेलेल्या पेशी परत येतात का?

नाही. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि झटक्यात ज्या गेल्या त्या गेल्या. मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात का, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे. १९९८ साली 'जन्मतात' असा पुरावा आला, २०१८ साली दुसऱ्या गटाने 'आम्हाला तर दिसल्या नाहीत' म्हणून सांगितलं. पण तो वाद मेंदूच्या एका छोट्या कोपऱ्यापुरता, आठवणींशी संबंधित भागापुरता आहे. तुमच्या वडिलांचा हात त्या नव्या पेशींमुळे हलणार नाही.

मग हात हलायला लागतो तो कशामुळे?

दोन गोष्टींमुळे, आणि दोन्हींत लोकांची गल्लत होते.

पहिल्या काही दिवसांत, आठवड्यांत जे सुधारतं, त्यातलं बरंचसं आपोआप असतं. मेलेल्या भागाभोवती सूज असते, काही पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या बधिर झालेल्या असतात. लांबचे पण त्या भागाशी जोडलेले भागही काही काळ गप्प बसतात; हे फॉन मोनाको या शास्त्रज्ञाने १९१४ सालीच मांडलं होतं. सूज उतरते, गप्प बसलेले जागे होतात. नेमक्या याच काळात गावाकडचं 'औषध' दिलेलं असतं, आणि सगळं श्रेय त्या औषधाला जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूची फेररचना. उरलेल्या पेशी नव्या फांद्या काढतात, जुन्या जोडण्या घट्ट होतात, आधी न वापरलेल्या जोडण्या वापरात येतात. आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायला हमालांच्या टोळ्या असतात. समजा एका टोळीतले चार जण एकदम आजारी पडले. उरलेले सहा जण तेवढीच पोती उचलतील, आधी हळू, मग सवयीने. पण गाळ्यावर पोतीच यायची थांबली तर? ते सहा जण रिकामे बसणार नाहीत, दुसऱ्या गाळ्यावर कामाला जातील.

ही नुसती उपमा नाही. १९९६ साली रँडॉल्फ नुडो यांनी माकडांवर हेच दाखवलं. मेंदूतल्या हाताच्या जागेत छोटी इजा केली. ज्या माकडांना त्या हाताने अन्नाचे बारीक तुकडे उचलण्याचा सराव दिला, त्यांच्यात इजेच्या शेजारची, शाबूत राहिलेली हाताची जागा टिकली. काहींत तर ती कोपर-खांद्याच्या जागेत पसरली. ज्यांना सराव दिला नव्हता, त्यांच्यात शेजारची धडधाकट जागाही कमी झाली. म्हणजे काम नाही म्हणून हमाल दुसऱ्या गाळ्यावर गेले.

त्याआधी १९८४ मध्ये मायकेल मर्झेनिक यांच्या गटाने माकडाचं बोट गेल्यावर मेंदूतली त्या बोटाची जागा शेजारची बोटं बळकावतात, हे दाखवलं होतं. मेंदूत जागा रिकामी राहत नाही. कोणीतरी येऊन बसतंच.

आम्ही मामांना काहीच करू देत नाही, सगळं हातात देतो. चांगलंच ना?

हा प्रश्न बहुतेक सुना विचारतात, आणि उत्तर दिलं की माझ्यावर रुसतात.

चांगलं नाही. तुमची माया मला दिसते. सकाळी दात घासून देणं, चहा बशीत ओतून तोंडाला लावणं, शर्टाची बटणं लावणं, भाकरी कुस्करून घास भरवणं. गावात नाव होतं, 'सून लेकीसारखी करते' म्हणतात. पण त्या हाताला आठवड्यातून तीन वेळा पाऊण तास मी काम देते आणि उरलेला वेळ तुम्ही त्याला सुट्टी देता. हिशोब तुम्हीच करा.

शास्त्रात याला 'न वापरायची शिकलेली सवय' म्हणतात. एडवर्ड टॉब यांच्या माकडांनी बधिर केलेला हात वापरणंच सोडलं होतं, कारण सुरुवातीला प्रयत्न केला तेव्हा तो फसला. पुढे हात वापरण्याजोगा असूनही वापरेनात. चांगला हात बांधला तेव्हा वापरायला लागले. माणसाचंही तेच होतं. पहिल्या महिन्यात कप सांडतो, सगळे 'राहू द्या, राहू द्या' म्हणून धावतात, आणि तो हात मांडीवर जाऊन बसतो तो कायमचा.

बुधगावच्या एक आजी होत्या. उजवा हात गेला होता. व्यायाम म्हटलं की तोंड फिरवायच्या. एक दिवस मी स्वयंपाकघरात काठवट मागितली. सून घाबरली, 'मॅडम, त्यांना गॅसजवळ नको.' गॅस पेटवलाच नाही. ज्वारीचं पीठ मळून गोळा समोर ठेवला आणि त्यांचा उजवा हात उचलून त्यावर ठेवला. तळवा फळकुटासारखा पडला. बोटं मिटलेलीच, पिठावर चार बोटांच्या सांध्यांचे खड्डे उमटले. दुसऱ्या थापेला भाकरीची कड फाटली. आजी काही बोलल्या नाहीत. डाव्या हाताने त्यांनी पुन्हा गोळा केला, पिठी भुरभुरली आणि स्वतःच उजव्या हाताचं एकेक बोट उलगडून गोळ्यावर पसरवलं. त्या दिवशी तोच गोळा त्यांनी किती वेळा मोडला आणि थापला ते मी मोजायचं विसरले. शेवटी पीठ काळपट पडलं तेव्हा म्हशीला दिलं.

अकराव्या आठवड्यात एक भाकरी न फाटता तव्यापर्यंत गेली. जाड होती. आजींच्या मते ती भाकरी नव्हतीच, 'थालपीठ म्हणा' म्हणाल्या.

मग मदत करायचीच नाही?

पडणार असतील तर धरा. गिळायला त्रास असेल तर शेजारी बसा. बाकी ठिकाणी हात मागे बांधून उभं राहायला शिका. शर्ट घालायला वीस मिनिटं लागू द्या. सुरुवात तुम्ही करून द्या, शेवटचं बटण त्यांनी लावायचं. मग शेवटची दोन.

व्यायाम दिवसातून किती वेळा?

'किती वेळा' पेक्षा 'किती खेपा' हे विचारा. २००९ साली अमेरिकेत आणि कॅनडात थेरपीची सत्रं बसून मोजली, तेव्हा एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. प्राण्यांच्या प्रयोगात मेंदू बदलतो तेव्हा त्या ४०० ते ६०० असतात. आपला जिल्हा पैलवानांचा. तालमीत पोराने ३२ बैठका मारून 'झालं वस्ताद' म्हटलं तर वस्ताद काय म्हणेल?

आणि त्या खेपा कामाच्या हव्यात. हवेत हात वरखाली करण्यापेक्षा फडताळातला डबा काढणं बरं. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, लसूण सोलणं, तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतणं, चिल्लर मोजणं. काम सोपं पडायला लागलं की थोडं अवघड करायचं. हरिपूरचे एक हळद व्यापारी होते, त्यांच्या बोटांची जाणीव गेली होती. त्यांना मी डोळे मिटून पोत्यात हात घालायला लावायचे. हळकुंड कोणतं, गड्डा कोणता, हे चाचपून सांगायचं. आयुष्यभर ज्या बोटांनी सौदे केले, त्यांना रबराचा चेंडू देऊन काय उपयोग?

चेंडूवरून आठवलं. प्रत्येक घरात पिवळा स्मायलीवाला चेंडू आणलेला असतो आणि पेशंट तो दिवसभर दाबत असतो. अहो, मूठ आपोआपच वळते. अडचण ती उघडण्याची आहे. चेंडू नातवाला द्या.

चांगला हात बांधून ठेवायचा म्हणतात, खरं का?

खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही. टॉब यांच्या त्या माकडांवरूनच ही पद्धत निघाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटका येऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ पेशंट होते. निम्म्यांनी दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ, चांगल्या हातात जाड मोजा घातला आणि कामाच्या दिवशी सहा-सहा तासांपर्यंत लुळ्या हाताचा सराव केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांची सुधारणा जास्त झाली आणि वर्षभराने तपासलं तरी टिकून होती. अट एवढीच की मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत. हात पूर्ण लुळा असताना चांगला हात बांधलात तर तो छळ होईल. चालताना तर बांधायचाच नाही, पडतील.

झटका आल्यावर लगेच चालवायला सुरुवात करायची का?

लगेच म्हणजे किती लगेच, यावर अवलंबून. २०१५ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवलेल्या पेशंटची स्थिती तीन महिन्यांनी उलट थोडी कमी चांगली निघाली. मलाही तेव्हा धक्का बसला होता, कारण आम्हाला 'जितक्या लवकर तितकं बरं' असंच शिकवलं होतं. पहिला दिवस सांभाळून, मग हळूहळू वाढवत न्यायचं. आठवडाभर पलंगावर पडून राहणं मात्र चूकच.

सहा महिने झाले. आता जेवढं झालं तेवढंच का?

हे वाक्य कुठून येतं मला माहीत आहे. माझ्या सख्ख्या मामाला डिस्चार्ज देताना एका हॉस्पिटलात, नाव घेत नाही, कागदावर सही करता करता सांगितलं, 'सहा महिन्यांत काय व्हायचं ते होईल, नंतर काही नाही.' मामाने ते इतकं मनावर घेतलं की सातव्या महिन्यात व्यायाम सोडून दिले. मी तेव्हा शिकत होते, उलट बोलायची हिंमत झाली नाही.

खरी गोष्ट अशी. हातापायाची सर्वांत वेगवान सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांनंतर वेग बराच मंदावतो. पण मंदावतो म्हणजे दार बंद होत नाही. दोन-तीन वर्षांनीही भरपूर सराव दिला तर हात सुधारल्याचं अभ्यासांत दिसलंय. बोलणं तर त्याहून जास्त काळ सुधारत राहतं. खोटी आशाही देणार नाही: बोटांची एकही हालचाल तीन महिन्यांत आली नसेल तर बारीक कामं परत येणं अवघड असतं. मग दुसऱ्या हाताने घर कसं चालवायचं तेही शिकवते. ते शिकणंही मेंदूच करतो.

पाय सुधारला, चालायला लागले, हात का नाही?

मेंदूतली जी रक्तवाहिनी बहुधा बंद पडते ती हात आणि चेहऱ्याच्या भागाला रक्त पुरवते. पायाचा भाग बराचसा दुसऱ्या वाहिनीवर असतो. शिवाय बोटांच्या बारीक हालचालींसाठी मेंदूतून थेट येणाऱ्या तारा लागतात, चालायला तेवढं नाजूक काम नसतं. आणि तिसरं कारण तुम्हाला आता कळलं असेल. संडासला जायचं तर दोन्ही पाय टाकावेच लागतात. हाताचं काम दुसरा हात करून टाकतो.

बोलता येत नाही, पण आरती पूर्ण म्हणतात. नाटक करतात का?

नाही हो. हा प्रश्न रागाने विचारला जातो, म्हणून लांब लिहिते.

बहुतेक माणसांत भाषा डाव्या मेंदूत असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे एक पेशंट होता, त्याला सगळं समजायचं पण तोंडातून फक्त 'टॅन' निघायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढे इजा होती. अशा पेशंटला नवं वाक्य जुळवता येत नाही. पण पाठ असलेलं, तालावर बसलेलं, भावनेच्या भरात येणारं बोलणं वेगळ्या वाटेने येतं, त्यात उजवा मेंदूही भाग घेतो. म्हणून 'सुखकर्ता दुखहर्ता' अख्खं येतं, एक ते दहा आकडे येतात, आणि शिव्या तर अगदी स्वच्छ येतात. आमच्या एका तात्यांना बायकोचं नाव आठवायचं नाही, पण बैलाला हाकताना देतात ती शिवी अचूक यायची.

याचा फायदा करून घेता येतो. १९७३ साली बोस्टनच्या थेरपिस्टांनी वाक्यं सुरात म्हणायला लावून बोलणं शिकवायची पद्धत मांडली. 'पाणी द्या' हे दोन सुरांत, डाव्या हाताने ताल देत म्हणायचं, मग सूर हळूहळू कमी करायचा. स्पीच थेरपिस्ट मिरजेत मिळतील, त्यांच्याकडे जाच.

जतकडच्या घरांत आणखी एक पेच असतो. घरात कानडी, बाजारात मराठी. झटक्यानंतर कोणती भाषा आधी येणार? बऱ्याच जणांत दोन्ही बरोबरीने सुधारतात, काहींत एक पुढे जाते. जी येते ती बोलू द्या. 'मराठीत बोला' म्हणून अडवू नका.

ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच ठेवतात. दिसत नाही का?

डोळ्यांना दिसतं, मेंदू लक्ष देत नाही. उजव्या मेंदूच्या इजेत होतं. अर्धीच दाढी करतात, दाराच्या डाव्या चौकटीला आपटतात. त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोला, टीव्ही डावीकडे ठेवा, ताट फिरवायला शिकवा. गाडी चालवू देऊ नका.

उगीच रडतात, मधेच हसतात. डोक्यावर परिणाम झाला का?

भावनांचा लगाम मेंदूच्याच हातात असतो, तो ढिला पडलेला असतो. रडू येतं तेव्हा दुःख असेलच असं नाही. विषय बदला, थांबतं. पण जेवण टाकणं, झोप उडणं, 'मला कशाला जगवलं' असं बोलणं हे वेगळं. झटक्यानंतर सुमारे तिघांत एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे. नैराश्यातला पेशंट खेपा मोजत नाही, म्हणून हाताची सुधारणाही तिथेच अडते. आणि रात्रीची झोप मोडू नका. दिवसभर शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो.

लहान मुलांचा मेंदू लगेच सुधारतो, म्हाताऱ्यांचा नाही, हे खरं?

अर्धं खरं. काही गोष्टींना ठराविक वय असतं. ह्यूबल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे महिने मिटून ठेवला. पुढे उघडला तरी मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणूनच मुलाच्या आळशी डोळ्यावर उपचार शाळेच्या पहिल्या वर्षांतच करून घ्या, 'मोठा झाला की बघू' नको. पण दार अगदी बंदही होत नाही. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर मोठ्या वयात शस्त्रक्रिया झाल्या. हाताने चाचपलेली वस्तू पहिल्यांदा डोळ्यांनी ओळखता येईना, पण थोड्याच दिवसांत यायला लागली. नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही, तरी ती मुलं बघायला शिकली.

दृष्टी गेली तर मेंदूतली ती जागाही रिकामी राहत नाही. लहानपणापासून अंध असलेले लोक ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूतला बघण्याचा भाग काम करतो, हे १९९६ साली स्कॅनवर दिसलं. मला इथे नेहमी कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर आठवतात. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणलं, आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. त्यांच्या मेंदूत काय घडलं ते बघायला तेव्हा स्कॅन नव्हता. पुढे गाण्यात काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे.

निरोगी माणसाचा मेंदूही बदलतो का?

रोज बदलतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी त्यांच्या मेंदूतला जागा-दिशा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा मोठा असल्याचं दाखवलं. २००४ च्या एका अभ्यासात तीन महिने चेंडू झेलण्याची कसरत शिकलेल्यांच्या मेंदूचा एक भाग वाढला, सराव सोडल्यावर तो पुन्हा घटला. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांची जागा मोठी असते, आणि जितक्या लहानपणी सुरुवात तितकी जास्त. तो अभ्यास १९९५ चा, परदेशातला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कोणी स्कॅन घेतले नाहीत, पण तिथे तारा जुळवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची बोटं बघितली की मला त्याची गरजही वाटत नाही.

हा बदल वाईटही असू शकतो?

असतो. वादक एकच हालचाल अतोनात करतात तेव्हा काहींच्या मेंदूत शेजारच्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात, मग एक बोट हलवलं की दुसरंही वळतं. कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपल्या भागात प्रत्येक गावात एखादं तरी असतं. त्यांना विचारा, नसलेला हात दुखतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर साधा आरसा वापरला: चांगल्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं, तो हलताना दिसला की काहींची दुखणारी मूठ सुटते. पुढे हाच आरसा लकव्याच्या हातासाठीही वापरात आला. फायदा माफक आहे, खर्च जवळपास शून्य. मी मोठा आरसा स्कूटीवर घेऊन फिरू शकत नाही, म्हणून कपाटाचा वापरते.

मोटारसायकलवरून पडला, स्कॅन नॉर्मल आहे, तरी पोरगा बदललाय.

सीटीत रक्त दिसतं, ताणल्या गेलेल्या बारीक तारा दिसत नाहीत. चिडणं, विसरणं, एका कामावर लक्ष न लागणं हे 'आळस' नाही. काही आठवडे मोबाईल आणि गोंगाट कमी, काम हळूहळू वाढवत न्या. दारू पूर्ण बंद. बदल वाढत असेल, उलट्या किंवा झापड असेल तर पुन्हा दाखवा. हेल्मेटबद्दल मी सांगून थकले.

गोळी, स्टेम सेल, कबुतर?

कबुतराचं रक्त चोळून फक्त कबुतर जातं.

एका नैराश्याच्या गोळीने हात लवकर सुधारतो, असं २०११ मध्ये फ्रान्सच्या ११८ पेशंटच्या अभ्यासात वाटलं होतं. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ३,१२७ जणांवर तपासलं, फायदा दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. नैराश्य असेल तर ती गोळी डॉक्टर देतीलच, हातासाठी मागू नका. स्टेम सेलच्या जाहिराती बघून शेत गहाण ठेवलेलं एक घर मला माहीत आहे. लकव्यावर तो सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्ताचे ठराविक आजार सोडले तर तो फक्त चाचणीचा भाग म्हणून देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

पुन्हा झटका येऊ नये म्हणून?

बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडू नका. बहुतेक दुसरे झटके मी असेच पाहिलेत. मिसरी, तंबाखू, बिडी बंद. लोणचं-खरडा कमी. शुगर तपासा.

मॅडम, तुम्ही अजून किती दिवस येणार?

मी लवकरात लवकर बंद व्हावं हाच बेत असतो. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा, मग एकदा, मग महिन्याने. जाताना भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीने पेन बांधून ठेवते. रोजच्या चौकोनात त्या दिवसाच्या खेपांचा आकडा लिहायचा, लुळ्या हाताने, कितीही वेडावाकडा आला तरी. महिन्याने आले की आधी तिथे बघते. एखाद्या आठवड्याचे आकडे सुबक, एका रेषेत दिसले तर सून लगेच मान खाली घालते. मी तिला काही म्हणत नाही. खुर्ची कॅलेंडरपाशी ओढते आणि मामांनाच विचारते, 'कालचा आकडा कुणी लिहिला?'